नफ्यातला सौदा कापताना मन ताळ्यावर कसं ठेवायचं?

भरतीओहोटी (धागाकर्ती)

तोटा कसा सोसायचा यावर भरपूर लिहिलं जातं. नफ्यातल्या सौद्यातून बाहेर कसं पडायचं यावर फारच कमी, आणि जे असतं ते "हाव सोडा, शिस्त पाळा" इथेच थांबतं. फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचे करार) काही मिनिटांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत पोझिशन, म्हणजे सौदा उघडा ठेवणाऱ्यांना हा प्रश्न तोट्यापेक्षाही जास्त छळतो, असं माझं मत आहे. तोट्याला स्टॉप लॉस असतो, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर. तो लागला की विषय संपला. नफ्याला असा शेवट नसतो. प्रत्येक टिकला, म्हणजे भावाच्या प्रत्येक बारीक हालचालीला, नव्याने ठरवावं लागतं, घ्यायचं की थांबायचं.

एक सौदा डोळ्यांसमोर आणा. लाँग घेतलंय, म्हणजे भाव वाढेल या अपेक्षेने खरेदी केलीय, स्टॉप २० पॉइंट खाली, टार्गेट ४० पॉइंट वर. भाव २५ पॉइंट चढला. मग चार्टवर भाव पडल्याची खूण असलेली एक लाल कँडल आली, २५ चे १८ झाले. चार्टवर काहीही बिघडलेलं नाही. आधीचा तळ शाबूत आहे, व्हॉल्यूमही किरकोळ आहे. पण पोझिशनच्या रकान्यातला हिरवा आकडा लहान होत चाललाय आणि नजर चार्ट सोडून त्या आकड्यावर खिळलीय. कर्सर एक्झिटच्या बटणावर येऊन थांबलाय. पुढच्या टिकला १६. क्लिक. १६ पॉइंट पदरात पडले, जिवाला बरं वाटलं. थोड्याच वेळात भाव ४० च्या पार. आता चुटपुट लागते, आणि त्या चुटपुटीतच वरच्या भावाला पुन्हा एन्ट्री होते.

१६ पॉइंटवर बाहेर पडणं ही यातली सगळ्यात महाग गोष्ट नाही. महाग आहे ती शेवटची एन्ट्री. ती कुठल्याच नियमात बसत नाही, स्टॉप कुठे ठेवायचा याचा विचार झालेला नसतो, आणि बहुतेक वेळा लॉटही (सौद्याचा आकार) वाढवलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की, तुम्ही कुठेही बाहेर पडा, त्यानंतर भाव तुमच्या दिशेने पुढे गेला तर "लवकर निघालो" वाटणार आणि तुम्ही थांबलात नि भाव परत आला तर "आधीच घ्यायला हवं होतं" वाटणार. नेमक्या टोकावर बाहेर पडणं कुणालाच नेहमी जमत नाही. म्हणजे पश्चात्ताप प्रत्येक सौद्यात होणारच आहे, चांगल्या निर्णयानंतरही आणि वाईट निर्णयानंतरही. जी गोष्ट दोन्ही वेळा सारखीच होते, तिच्यावरून निर्णय बरोबर होता की चूक हे ठरवता येत नाही. हे नीट पटलं तर अर्धं ओझं उतरतं, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं? आणि प्रत्यक्षात काय करता?

---

टिकटिक

विषय उत्तम. पण एका गोष्टीला विरोध नोंदवतो. लवकर नफा घेणं म्हणजे चूकच, असा एक सूर सगळीकडे असतो. मी स्कॅल्पिंग करतो, म्हणजे थोड्या पॉइंटसाठी झटपट सौदे. माझ्या पद्धतीत १६ पॉइंट हे चांगलं टार्गेट आहे. मी ४० ची वाट बघत बसलो तर ती माझी पद्धतच राहणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागायचं?

---

भरतीओहोटी

टिकटिक, तुमचं टार्गेट १६ असेल आणि स्टॉप त्याला साजेसा असेल तर काहीच हरकत नाही. माझा आक्षेप १६ या आकड्याला नाही. एन्ट्री घेताना ४० ठरवून मध्येच १६ करण्याला आहे, आणि तेही स्टॉप मात्र २० चाच ठेवून.

---

आकडेमोड

धागाकर्तीच्या मुद्द्याला आकड्यांचा आधार देतो. तिचाच सौदा घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण हिशेब कुणीही पडताळून बघावा.

समजा १०० सौदे केले. ४० मध्ये टार्गेट मिळालं, ६० मध्ये स्टॉप लागला. कमाई ४० गुणिले ४० म्हणजे १६०० पॉइंट, तोटा ६० गुणिले २० म्हणजे १२००. निव्वळ ४०० पॉइंट. ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज (अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) मिळून प्रत्येक सौद्याला २ पॉइंट धरले तर २०० गेले, २०० उरले.

आता तोच माणूस घाबरून सरासरी १२ पॉइंटवर नफा घेतो. जिंकलेल्या सौद्यांची संख्या नक्कीच वाढेल, कारण १२ पर्यंत जाऊन परत फिरलेले सौदेही आता नफ्यात धरले जातील. समजा ४० चे ५५ झाले. ५५ गुणिले १२ म्हणजे ६६०. उरलेल्या ४५ मध्ये २० प्रमाणे ९०० गेले. खर्च धरण्याआधीच २४० चा तोटा, खर्चासकट ४४०. २० च्या स्टॉपला १२ चं टार्गेट लावलं तर नुसतं ना नफा ना तोटा राहायलाही ६२.५ टक्के सौदे जिंकावे लागतात, आणि तेही खर्च न धरता.

यात फसवणारी गोष्ट अशी की, या माणसाला आपण सुधारलो असंच वाटतं. आधी १०० पैकी ४० सौदे जिंकत होता, आता ५५ जिंकतो. दिवसाअखेरीस हिरव्या ओळी जास्त दिसतात. मन खूश आणि खातं रिकामं होत जातं. म्हणून मी जिंकण्याचं प्रमाण कधीच एकटं बघत नाही, सरासरी नफा आणि सरासरी तोटा शेजारी ठेवूनच बघतो.

टिकटिक यांच्या स्कॅल्पिंगलाही हाच हिशेब लागू आहे. १६ चं टार्गेट चालेल, पण मग स्टॉप किती आणि किती टक्के सौदे टार्गेटला लागतात ते सांगा.

---

टिकटिक

स्टॉप १०, क्वचित १२. साधारण निम्मे सौदे टार्गेटला लागतात. खर्चामुळे हातात उरणारा नफा तसा तुटपुंजाच राहतो, हे मान्य. म्हणूनच फालतू एन्ट्री टाळणं हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

---

मनकवडा

नफा घाईने घ्यावासा वाटणं आणि तोटा लांबवावासा वाटणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि यावर बराच अभ्यास झालेला आहे. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रॉस्पेक्ट थिअरी मांडली. तिचं सार असं की, माणूस नफा-तोटा एका संदर्भबिंदूपासून मोजतो, नफ्याच्या बाजूला सावध होतो आणि तोट्याच्या बाजूला जोखीम घ्यायला तयार होतो. ट्रेडरचा संदर्भबिंदू म्हणजे त्याची एन्ट्री. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये हेच बाजाराला लावून दाखवलं आणि त्याला डिस्पोझिशन इफेक्ट हे नाव दिलं. पुढे १९९८ मध्ये टेरन्स ओडियन यांनी एका डिस्काउंट ब्रोकरकडच्या १०,००० खात्यांचे व्यवहार तपासले, तिथेही तेच दिसलं.

हे झालं शेअर्सचं. पण फ्युचर्समध्ये पोट भरणारे व्यावसायिकही यातून सुटलेले नाहीत. लॉक आणि मान यांनी शिकागोच्या फ्लोअर ट्रेडर्सवर (एक्सचेंजमध्ये उभं राहून सौदे करणारे) केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळेच जण तोट्यातले सौदे नफ्यातल्या सौद्यांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवत होते. फरक एवढाच की, सगळ्यात यशस्वी लोक तोटा सगळ्यात कमी वेळ धरत होते आणि सगळ्यात अयशस्वी लोक सगळ्यात जास्त वेळ.

यातून मी एक अर्थ काढतो आणि तो मला धीर देणारा वाटतो. नफ्यात असताना जीव खालीवर होणं ही तुमच्या स्वभावातली खोट नाही. ती सगळ्यांना होते. म्हणून ती भावना मारून टाकण्याच्या मागे लागू नये. तिच्या हातात निर्णय जाणार नाही एवढी व्यवस्था करावी.

---

नवी_वाट

मी नवी आहे, साधा प्रश्न. मग भावनाशून्य व्हायचं नाही तर नेमकं काय करायचं? सगळे म्हणतात यंत्रासारखं ट्रेड करा.

---

मनकवडा

यंत्रासारखं कुणीच करत नाही. लो आणि रेपिन या संशोधकांनी २००२ मध्ये काम चालू असताना ट्रेडर्सच्या त्वचेची विद्युतवाहकता आणि नाडीचे ठोके वगैरे मोजले होते. अनुभवी लोकांच्या शरीरातही बाजाराच्या हालचालींबरोबर बदल होत होते. पुढे २००५ मध्ये लो, रेपिन आणि स्टीनबार्गर यांनी एका ऑनलाइन प्रशिक्षणात भाग घेतलेल्या ८० डे ट्रेडर्सचा अभ्यास केला. नफा आणि तोटा या दोन्हींवर ज्यांची भावनिक प्रतिक्रिया जास्त तीव्र, त्यांची कामगिरी लक्षणीयरीत्या वाईट निघाली. नफ्यावरचीही, हे लक्षात घ्या. तोट्याने रडणारा सगळ्यांना दिसतो, नफ्याने हुरळलेला धोक्यात आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि हो, "जन्मजात ट्रेडर" असा काही ठराविक स्वभाव त्या अभ्यासात सापडला नाही.

त्यामुळे प्रश्न तीव्रतेचा आहे. तीव्रता कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय माझ्या मते एकच: लॉट कमी करा.

---

कासवगती

शेवटच्या वाक्याला प्रचंड सहमत. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हा मुद्दा एका ओळीत संपवण्यासारखा नाही.

फ्युचर्समध्ये मार्जिन (किमतीचा थोडा भाग, अनामत म्हणून) भरून तुम्ही पूर्ण कॉन्ट्रॅक्टच्या किमतीवर खेळता. भावातला एक टक्का बदल तुमच्या मार्जिनच्या कितीतरी पट टक्क्यांचा होतो, आणि मार्क टू मार्केटमुळे तो रोजच्या रोज खात्यात जमा किंवा वजा होतो. शेअर घेऊन ठेवणाऱ्याला "कागदावरचा नफा" म्हणून मनाची समजूत घालता येते. आपल्याला ती सोय नाही. त्यामुळे स्क्रीनवर हलणारा आकडा हा खरोखरच तुमच्या पैशांचा आकडा असतो. तो तुमच्या महिन्याच्या खर्चाच्या जवळ जायला लागला की चार्ट दिसेनासा होतो. डोक्यात हप्ते आणि बिलं सुरू होतात. अशा वेळी कितीही शिस्तीचं बोला, बोट बटणाकडे जाणारच.

मी बघितलंय की एकच माणूस, एकच पद्धत, पण एका लॉटला टार्गेटपर्यंत निवांत बसतो आणि तीन लॉट झाले की तिसऱ्या कँडलला पळतो. त्याचा स्वभाव दोन मिनिटांत बदलला का? फक्त आकडा बदलला. म्हणून पोझिशनचा आकार ठरवताना आपण नेहमी "तोटा झाला तर सोसेल का" एवढंच विचारतो. त्याच्या जोडीला "नफा परत जाताना मला बघवेल का" हेही विचारायला हवं. टार्गेटच्या वाटेवर तीस-चाळीस टक्के नफा परत देऊन भाव पुन्हा पुढे जाणं ही रोजची गोष्ट आहे. तेवढं परत जाताना बघवत नसेल, तर लॉट मोठा आहे. दुसरं कारण शोधू नका.

दुसरा उपाय बाळबोध वाटेल, पण माझ्यावर त्याचा फार परिणाम झाला. नफा-तोट्याचा रकाना रुपयांत दिसत असेल तर तो लपवा किंवा पॉइंटमध्ये करा. बहुतेक प्लॅटफॉर्मवर ही सोय असते. नसेल तर खिडकी अशी सरकवून ठेवा की तो भाग दिसणारच नाही. २५ पॉइंट हा बाजाराबद्दलचा आकडा आहे, रुपये हा तुमच्या घराबद्दलचा.

---

आकडेमोड

+१. शेवटचं वाक्य फार नेमकं.

---

दीपस्तंभ

मी अर्धा माल काढतो. दोन लॉट घ्यायचे, स्टॉपएवढा नफा झाला की एक लॉट काढायचा, उरलेल्याचा स्टॉप एन्ट्रीवर आणायचा. मग तो सौदा फुकटचा. मन एकदम शांत. गेली बरीच वर्षं हेच करतोय आणि मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

---

आकडेमोड

दीपस्तंभ, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून एक हिशेब मांडतो. स्टॉप २०, टार्गेट ४०. सौदा थेट उलटला तर दोन्ही लॉट मिळून ४० पॉइंट जातात. सौदा पूर्ण टार्गेटला गेला तर पहिल्याचे २० आणि दुसऱ्याचे ४०, एकूण ६०. दोन्ही धरले असते तर ८० आले असते. म्हणजे तोटा पूर्ण मालावर आणि मोठा नफा अर्ध्या मालावर. २० पर्यंत जाऊन परत फिरणाऱ्या सौद्यांत तुम्ही वाचता, हेही खरं. तुमच्या पद्धतीत असे सौदे किती असतात त्यावर सगळं ठरतं, आणि ते तुमची नोंदवहीच सांगू शकेल.

आणि "फुकटचा सौदा" या शब्दांवर माझा आक्षेप आहे. तो नफा तुमचा झालेला आहे, तो परत गेला तर तुमचाच जातो. एन्ट्रीवर स्टॉप आणणं मनाला बरं वाटतं, पण तुमची एन्ट्री कुठे होती हे बाजाराला ठाऊक नाही. ती पातळी फक्त तुमच्यासाठी खास आहे. एन्ट्री चांगल्या जागी असेल तर भाव तिथे पुन्हा टेकायला येण्याची शक्यता बरीच असते, आणि नेमकं तिथेच तुम्ही बाहेर फेकले जाता. स्टॉप सरकवायचा तर आधीच्या तळाखाली सरकवा, किंवा एटीआरच्या (ॲव्हरेज ट्रू रेंज, भावाच्या हालचालीची सरासरी) पटीत. वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेलं हे माप बाजार सध्या किती हलतोय ते सांगतं. तुमच्या मनाच्या घालमेलीपेक्षा बाजाराच्या हालचालीवर स्टॉप बांधलेला बरा.

---

दीपस्तंभ

हिशेब मान्य आहे, तरीही मी पद्धत बदलणार नाही, आणि का ते सांगतो. अर्धा माल काढल्याने माझी सरासरी कमी होते हे मला माहीत आहे. पण दोन्ही लॉट धरले तर मी टार्गेटपर्यंत बसतच नाही. कागदावर ८० मिळवून देणारी पद्धत मला पाळता येत नसेल तर ती माझ्या काय कामाची? ६० वाली मी डोळे मिटून पाळतो. एन्ट्रीवरच्या स्टॉपबद्दल मात्र विचार करतो. तळाखाली ठेवून बघायला हरकत नाही.

---

भरतीओहोटी

दीपस्तंभ यांचं म्हणणं मला पटतं. जी पद्धत पाळली जाते तिचाच हिशेब खरा. फक्त ती एन्ट्रीच्या आधी ठरलेली असावी. सौदा चालू असताना भीती वाटली म्हणून अर्धा काढणं आणि आधीच ठरवून अर्धा काढणं, स्टेटमेंटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्यातून शिकता येतं, पहिल्यातून येत नाही.

मी वापरत असलेले तीन रकाने इथे सांगते. प्रत्येक सौद्यापुढे तीन आकडे लिहायचे: ठरवलेलं टार्गेट, प्रत्यक्ष कुठे निघालो, आणि मूळ स्टॉप किंवा टार्गेट यातलं जे आधी लागलं असतं तिथपर्यंत बसलो असतो तर काय मिळालं असतं. तिसरा आकडा बाजार बंद झाल्यावरच भरायचा, आधी नाही. पन्नासेक सौदे झाले की दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याची बेरीज करा. दुसऱ्या रकान्याची बेरीज मोठी निघाली तर तुमचं लवकर निघणं बरोबर आहे, उगाच स्वतःला दोष देऊ नका, ते नियमातच घाला. तिसऱ्याची मोठी निघाली तर घाबरण्याची किंमत किती हे पॉइंटमध्ये समोर येतं. एखादा निसटलेला मोठा सौदा वर्षभर आठवत राहतो. ज्यात लवकर निघाल्याने वाचलो ते दहा सौदे कुणालाच आठवत नाहीत. नुसत्या आठवणीवर विसंबलं तर उत्तर चुकणारच.

---

टिकटिक

हे रकाने सुरू करतोय. मला वाटतं माझ्या बाबतीत दुसऱ्या रकान्याची बेरीज मोठी येईल, पण बघू.

नफ्यानंतरच्या सौद्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझा खरा त्रास तिथे आहे. सकाळी दोन चांगले सौदे झाले की हात शिवशिवतात. "आज आपला दिवस आहे" असं वाटायला लागतं आणि दुपारपर्यंत सगळं परत.

---

मनकवडा

थेलर आणि जॉन्सन यांनी १९९० मध्ये यावरच लिहिलं आहे. नुकताच जिंकलेला पैसा माणूस स्वतःचा मानत नाही, तो हरला तरी चालेल असं धरून जास्त जोखीम घेतो. गंमत अशी की, शिकागोच्या ट्रेझरी बाँड (अमेरिकी सरकारी रोखे) फ्युचर्समधल्या व्यावसायिकांवर कोव्हल आणि शमवे यांनी केलेल्या अभ्यासात उलटं दिसलं. ज्यांची सकाळ तोट्यात गेली ते दुपारी जास्त जोखीम घेत होते. म्हणजे कुणी जिंकून मोकाट सुटतो, कुणी हरून. तुम्ही कुठल्या गटात आहात ते वेळेनुसार नफा-तोटा मांडून बघा. टिकटिक, तुमच्या वर्णनावरून तरी पहिला गट दिसतोय. मग तुमच्यासाठी दोन नफ्यांनंतरची सक्तीची विश्रांती, किंवा त्यानंतरचा लॉट अर्धा, असा नियम उपयोगी पडेल.

---

कासवगती

टिकटिक, त्यात एक भर. मोठा नफा झाल्यावर लगेच पुढचा चार्ट उघडू नका. त्या सौद्याची नोंद पूर्ण करा, खुर्चीवरून उठा. शरीराला शांत व्हायला वेळ लागतोच.

आणि नव्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ब्राझीलमध्ये इंडेक्स (शेअर निर्देशांक) फ्युचर्समध्ये २०१३ ते २०१५ या काळात डे ट्रेडिंग सुरू केलेल्या लोकांचा अभ्यास झाला आहे. त्यातल्या ज्यांनी ३०० हून जास्त दिवस ट्रेडिंग केलं, त्यांच्यापैकी ९७ टक्के तोट्यात होते. मनावर ताबा आला की पैसा येतो असं नाही. पद्धतीत मुळात दम नसेल तर शांत मनाने तोटाच होईल. आधी पद्धत कागदावर तपासा, मग मनाचं बघा. आणि उधारीच्या किंवा घरखर्चाच्या पैशाने कधीच नको. त्या पैशावर कुणाचंच मन शांत राहत नाही.

---

नवी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप शिकायला मिळालं. शेवटचा प्रश्न. स्टॉप आणि टार्गेट दोन्ही लावून सरळ स्क्रीन बंद केली तर? बघितलंच नाही तर घाबरणार कशी?

---

आकडेमोड

चांगला उपाय आहे, अनेक जण करतात. पण त्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक, स्टॉप आणि टार्गेट एकमेकांना जोडलेले आहेत का. एक लागल्यावर दुसरी ऑर्डर आपोआप रद्द झाली पाहिजे. ओसीओ किंवा ब्रॅकेट ऑर्डर म्हणतात ती हीच. दोन सुट्या ऑर्डर टाकून उठलात, टार्गेट लागलं आणि मग भाव खाली येऊन स्टॉपची ऑर्डरही लागली, तर तुमच्या नावावर तुम्हाला नको असलेली शॉर्ट, म्हणजे विक्रीची पोझिशन उभी राहील आणि तुम्ही स्क्रीनसमोर नसाल.

दोन, ऑर्डर कुठे बसली आहे. काही ऑर्डर एक्सचेंजकडे किंवा ब्रोकरच्या सर्व्हरवर असतात, त्या तुमचा कॉम्प्युटर बंद झाला तरी चालू राहतात. पण काही प्लॅटफॉर्मवर ट्रेलिंग स्टॉप (भावामागे सरकत जाणारा स्टॉप) तुमच्याच मशीनवरचं सॉफ्टवेअर सरकवत असतं. ते बंद केलं किंवा इंटरनेट गेलं की स्टॉप आहे तिथेच राहतो, किंवा मुळात पाठवलेलाच नसतो. ब्रोकरला नेमका हाच प्रश्न लेखी विचारा आणि एका लहान लॉटवर स्वतः करून बघा: ऑर्डर टाका, प्लॅटफॉर्म बंद करा, मोबाइलवरून लॉगिन करून ऑर्डर बुकमध्ये ती अजून दिसते का पाहा.

---

नवी_वाट

आत्ताच तपासलं. माझ्याकडे साधा स्टॉप दिसतोय, ट्रेलिंगवाला दिसत नाही. ब्रोकरला मेल टाकते.